प्रॉक्सी होत्या, तरीही एक्सपोर्ट अडला: तीन कॅमेऱ्यांच्या फुटेजचं एक प्रकरण

दीड तासाची मुलाखत, तीन कॅमेरे, आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर. कापाकापी पूर्ण झालेली, रंग जुळवलेले, शीर्षकं लागलेली. फक्त फाइल बाहेर निघत नव्हती. एक्सपोर्ट दर वेळी निम्म्याच्या थोडा पुढे जायचा, तिथे अडकायचा आणि एक मोघम संदेश द्यायचा: मीडिया वाचता आलं नाही. कुठलं मीडिया, कितव्या मिनिटाचं, याबद्दल अवाक्षर नाही.

प्रकरण माझ्याकडे आलं ते या टप्प्यावर. एडिटर नवखी नव्हती, त्यामुळे नेहमीचे उपाय करून झाले होते. कॅशे पुसली, टाइमलाइन नव्या प्रोजेक्टमध्ये आणली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, शेवटी रॅमही वाढवली. फुटेजकडे बोट दाखवल्यावर ती जरा वैतागलीच. ‘‘प्रॉक्सी तर पहिल्याच दिवशी केल्यात मी. टाइमलाइन लोण्यासारखी चालते. मग फुटेजचा प्रश्न कसा असेल?’’

प्रॉक्सी म्हणजे मूळ फाइलची हलकी प्रत. एडिटिंग तिच्यावर करायचं, एक्सपोर्ट मूळ फाइलवरून. प्रश्न रास्त होता, आणि सगळी गोम त्यातच होती.

फुटेज काय होतं

मुख्य कॅमेरा मिररलेस. ४के, सेकंदाला २५ फ्रेम, एच.२६४ (व्हिडिओ दाबून लिहिण्याची पद्धत), १० बिट ४:२:२ (रंगाची जादा माहिती टिपणारं सेटिंग), साधारण १५० मेगाबिट प्रति सेकंद. दुसरा एक हँडीकॅम, एव्हीसीएचडी साच्यात १०८० इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत, फील्डमध्ये, विभागलेली, सेकंदाला ५० फील्ड. तिसरा कोन फोनचा: ट्रायपॉडवर लावून ठेवलेला वाइड शॉट, फुल एचडी, एचईव्हीसी (एच.२६४ नंतरची पद्धत), सेटिंगमध्ये ३० फ्रेम. रेकॉर्डरचा आवाज ४८ किलोहर्ट्झ वेव्ह, त्यात काही खोट नव्हती.

एक्सपोर्टचं दुखणं मोठं असल्यामुळे बाकीच्या तक्रारी बाजूला पडल्या होत्या. खोदून विचारल्यावर त्या निघाल्या. पहिल्या चाळीस मिनिटांचा एक्सपोर्ट वेगळा काढला होता, तो निघाला. पण त्यात फोनच्या शॉटमध्ये ओठ आणि शब्द जुळत नव्हते. टाइमलाइनवर मात्र तेच शॉट चोख दिसत होते. हँडीकॅमच्या आवाजात ठरावीक अंतराने बारीक ‘टक’ ऐकू यायचं. आणि प्रॉक्सी बंद केल्या की मुख्य कॅमेऱ्याच्या शॉटवर प्लेहेड (टाइमलाइनवर चालू जागा दाखवणारी रेघ) जागचा हलत नसे.

तीन कोन आणि तीन वेगवेगळी दुखणी. ती एकाच ‘फुटेज जड आहे’ या नावाखाली गोळा झाली होती आणि सगळ्यांवर एकच औषध दिलं गेलं होतं.

जड फाइल

सगळ्यात जास्त छळणारा मुख्य कॅमेराच खरं तर निर्दोष निघाला.

कॅमेरा जागा वाचवतो ती प्रत्येक फ्रेम पूर्ण न लिहून. एक फ्रेम अख्खी लिहिली जाते, तिला आय-फ्रेम म्हणतात. पुढच्या फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच टिपलं जातं, त्या पी-फ्रेम. काही फ्रेम तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्हींच्या उधारीवर जगतात, त्या बी-फ्रेम. दोन आय-फ्रेममधला हा गट म्हणजे जीओपी, आणि गट लांब असला की त्या पद्धतीला लाँग-जीओपी म्हणतात. नुसतं बघायला हे उत्तम, कारण बघताना आपण सरळ पुढे जातो. एडिटिंगमध्ये आपण सरळ जात नाही. मधलीच एक फ्रेम मागतो, उलटं चालवतो, तीन कोन एकदम लावतो. गटातली दहावी फ्रेम हवी असेल तर सॉफ्टवेअरला आधी गटाच्या आय-फ्रेमपर्यंत मागे जाऊन तिथून उलगडत यावं लागतं. एका फ्रेमसाठी दहा फ्रेमचं काम.

हे ओझं एरवी ग्राफिक्स चिपमधला डिकोडर उचलतो. इथे तो मदतीला येत नव्हता, आणि कारण गमतीशीर आहे. चित्रीकरण करणाऱ्याने दर्जा चांगला मिळावा म्हणून १० बिट ४:२:२ निवडलं होतं. एच.२६४ मधलं ८ बिट ४:२:० बहुतेक सगळ्या चिप सहज उलगडतात, एच.२६४ मधलंच १० बिट ४:२:२ मात्र बऱ्याच चिपच्या आवाक्याबाहेर असतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. त्याच कॅमेऱ्यावर साधं सेटिंग ठेवलं असतं तर फाइल हलकी चालली असती. तरी निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. रंग जुळवताना त्या दोन जादा बिटांचा उपयोग झालाच होता.

या फाइलला प्रॉक्सी हे बरोबर उत्तर होतं. फाइल शाबूत होती, फ्रेमरेट स्थिर होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही फ्रेम गहाळ नव्हती. ती फक्त हळू उलगडत होती, आणि एक्सपोर्टला घाई नसते. मूळ फाइलवरून तो रेंगाळत का होईना, बरोबरच निघतो.

चुकीची फाइल

फोनची फाइल मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या साधनात, उघडली आणि दोन ओळींत उलगडा झाला. पहिली: फ्रेमरेट मोड, व्हेरिएबल, म्हणजे बदलता. दुसरी, तिच्याखालची: किमान फ्रेमरेट २.१४.

व्हेरिएबल शब्द पाहून आश्चर्य वाटलं नाही. फोनचं फुटेज सहसा तसंच असतं. प्रकाश कमी झाला की फोन एकेका फ्रेमला जास्त वेळ देतो, तापला किंवा मेमरीत लिहिणं मागे पडलं की फ्रेम गाळतो, आणि प्रत्येक फ्रेमवर तिच्या वेळेचा शिक्का मारून मोकळा होतो. फोनवर बघताना काही जाणवत नाही, कारण प्लेअर तो शिक्का पाळतो. पण २.१४ हा आकडा वेगळा. त्याचा अर्थ, फाइलमध्ये कुठेतरी एक फ्रेम चौदा फ्रेमइतका वेळ, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद, तशीच पडून होती. तेरा फ्रेम सलग गायब.

एकूण हिशोब असा निघाला. ३० च्या दराने दीड तासाच्या १,६२,००० फ्रेम व्हायला हव्या होत्या. फाइलमध्ये होत्या १,६१,९४६. सरासरी २९.९९, म्हणजे कागदावर अगदी किरकोळ फरक. पण एडिटिंगचं सॉफ्टवेअर जर फ्रेम मोजून जागा ठरवत असेल आणि दर ३० धरत असेल, तर ५४ फ्रेमचा तुटवडा शेवटाला १.८ सेकंद होतो. चित्र पुढे, आवाज मागे. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या प्रसारणासाठीच्या शिफारशीत आवाज १२५ मिलिसेकंद मागे पडला की ते प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतं असं धरलं आहे. ३० च्या दराने चार फ्रेमसुद्धा नाहीत त्या. (आवाज पुढे पळाला तर मर्यादा आणखी कडक, ४५ मिलिसेकंद. आधी विजेचा लखलखाट, मग गडगडाट, याची आपल्याला सवय असते. उलटं झालं की लगेच खटकतं.)

मग टाइमलाइनवर सगळं चोख का दिसत होतं? प्रॉक्सी बनवताना सॉफ्टवेअरने स्थिर ३० फ्रेमची फाइल तयार केली होती. जिथे मूळ फाइलमध्ये फ्रेम नव्हती तिथे आधीचीच फ्रेम पुन्हा भरली. प्रॉक्सीत पूर्ण १,६२,००० फ्रेम. एडिटरने सिंक केलं, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवले, ते प्रॉक्सी पाहून, कट घेतले ते प्रॉक्सी पाहून. एक्सपोर्टला मात्र सॉफ्टवेअर मूळ फाइलकडे वळलं आणि तिथे नव्वद हजारावी फ्रेम म्हणजे भलताच क्षण. प्रॉक्सीने दुखणं बरं केलं नव्हतं, झाकून ठेवलं होतं. काम पूर्ण होईपर्यंत ते दिसलं नाही आणि दिसलं ते सगळ्यात महागड्या क्षणी.

ही अडचण मला वारंवार दिसते आणि तिची चर्चा कमी होते. ‘प्रॉक्सी करा’ हा सल्ला जिथे तिथे मिळतो. प्रॉक्सी हे हळूपणावरचं औषध आहे. फाइलच्या वेळेत खोट असेल तर मूळ फाइल बदलून तिच्या जागी स्थिर फ्रेमरेटची नवी फाइल घालायला हवी, म्हणजे खरंखुरं ट्रान्सकोड. आणि ते सिंक करण्याआधी.

एक्सपोर्टचा अडथळा नक्की त्या फटीचाच आहे का, हे अंदाजावर सोडायचं नव्हतं. आधी मल्टिकॅममधला, म्हणजे तिन्ही कोन एकत्र बांधलेल्या क्लिपमधला, फोनचा कोन बंद करून एक्सपोर्ट लावला. तो शेवटपर्यंत गेला. मग फोनचा कोन चालू करून टाइमलाइनचे दोन भाग केले, जो अडला त्याचे पुन्हा दोन. असं करत करत पन्नासाव्या मिनिटाजवळच्या एका वाइड शॉटपाशी आलो. फ्रेमच्या शिक्क्यांची यादी काढली तेव्हा अर्ध्या सेकंदाची फट तिथेच होती. शिवाय तिन्ही कोनांच्या फाइली एफएफएमपेग या साधनाने काहीही न लिहिता नुसत्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून पाहिल्या. फाइल कुठे मोडकी असेल तर तिथे हा त्रुटी छापतो. मुख्य कॅमेरा स्वच्छ. फोनही मोडका नव्हता, फक्त वेळेत विस्कळीत.

हँडीकॅमची टकटक

याचं कारण साधं होतं. जुन्या पद्धतीच्या कार्डवरची एफएटी३२ फाइलव्यवस्था ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवू शकत नाही, म्हणून कॅमेरे लांब चित्रीकरण तुकड्यांत लिहितात. या हँडीकॅमने दोन-दोन जीबीचे सहा तुकडे केले होते, दर सोळा-सतरा मिनिटांनी एक. हे तुकडे एकाच चित्रीकरणाचे आहेत ही माहिती खुद्द व्हिडिओच्या एमटीएस फाइलमध्ये नसते. ती कार्डवरच्या एव्हीसीएचडी फोल्डरच्या इतर फाइलींत असते. कॉपी करताना नेमक्या त्या ‘बिनकामाच्या’ फाइली गाळून फक्त एमटीएस उचलल्या गेल्या. सॉफ्टवेअरला सहा वेगळ्या क्लिप मिळाल्या, प्रत्येक सांध्यावर आवाजाचा एखादा तुकडा सांडला. हँडीकॅमचा आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये होता, आणि त्याचा एक ब्लॉक १,५३६ नमुन्यांचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ३२ मिलिसेकंद. कानाला ‘टक’ म्हणून जाणवायला तेवढं पुरतं.

कार्ड अजून पुसलं नव्हतं हे नशीब. अख्खं फोल्डर पुन्हा कॉपी केलं.

काय कन्व्हर्ट करायचं, काय नाही

आता सगळंच प्रोरेसमध्ये (एडिटिंगसाठीच्या साच्यात) टाकू, असा एडिटरचा सूर होता. एकदा पोळल्यावर असं वाटणं साहजिक आहे. पण आकडे मांडले तर उत्साह मावळतो. प्रोरेस ४२२ मध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र लिहिलेली असते, म्हणून ती चटकन उलगडते. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. ४के, २५ फ्रेमला दर साधारण ४९२ मेगाबिट. मुख्य कॅमेऱ्याच्या मूळ फाइली १०० जीबीच्या घरात होत्या, त्या ३३० जीबीच्या वर गेल्या असत्या. शिवाय सेकंदाला ६१ मेगाबाइट नुसते या एका कोनासाठी वाचावे लागले असते, त्यावर बाकीचे दोन कोन. प्रोजेक्ट फिरत्या तबकडीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर होता. प्रोसेसरवरचं ओझं उतरवून डिस्कच्या डोक्यावर ठेवल्यासारखं झालं असतं, आणि प्लेहेड पुन्हा अडखळला असता.

म्हणून मुख्य कॅमेरा जसा होता तसा, प्रॉक्सीसकट ठेवला. फोन आणि हँडीकॅम दोन्ही फुल एचडी. ते प्रोरेसच्या एलटी या हलक्या प्रकारात घेतले. २५ फ्रेमला दर ८५ मेगाबिट, दीड तासाला साधारण ५७ जीबी, दोन्ही मिळून ११५. एचक्यू या जास्त जड प्रकाराचा आग्रह मी मोडून काढला. ८ बिट ४:२:० च्या फुटेजमध्ये जे टिपलंच गेलं नाही ते मोठ्या डब्यात ओतून येत नाही. ज्यांच्या सॉफ्टवेअरला प्रोरेसपेक्षा डीएनएक्सएचडी किंवा डीएनएक्सएचआर मानवतं त्यांनी ते घ्यावं. तत्त्व तेच, सगळ्या फ्रेम स्वतंत्र. आवाज दोन्हीकडे पीसीएममध्ये, म्हणजे न दाबता, ४८ किलोहर्ट्झ.

हँडीकॅमच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा. आधी तुकडे जोडायचे, मग डीइंटरलेस करायचं, म्हणजे फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवायच्या, मग नव्या कोडेकमध्ये, इथे प्रोरेसमध्ये, लिहायचं. चित्राचा आकार बदलायचा असेल तर तो डीइंटरलेसनंतरच. आधी बदलला तर फील्डच्या कंगव्यासारख्या रेघा चित्रात कायमच्या मिसळतात, मग कुठलाही फिल्टर त्या काढू शकत नाही.

फोनची फाइल थेट स्थिर २५ वर घेतली, कारण टाइमलाइन २५ ची होती. तीसवरून पंचवीसवर येताना दर सहावी फ्रेम जाते आणि कॅमेरा फिरत असेल तर हालचाल अडखळते. इथे कॅमेरा स्थिर, माणसं खुर्चीत. चाललं. नाचाचं किंवा खेळाचं चित्रीकरण असतं तर मी स्थिर ३० ठेवून पुढचा निर्णय टाइमलाइनवर घेतला असता. कन्व्हर्ट करताना दर बदलायचा तो शिक्क्यांनुसार, फ्रेम गाळून किंवा भरून. क्लिपचा वेग बदलून नव्हे. नाहीतर लांबी बदलते आणि सगळं मुसळ केरात.

अख्खी फाइल लावण्याआधी एका मिनिटाचा तुकडा करून रंग तपासले. फोनवर एचडीआर चालू असेल तर बेफिकीरपणे केलेल्या कन्व्हर्शननंतर चित्र पांढुरकं पडतं. इथे एचडीआर बंद होतं, रंग जसेच्या तसे उतरले.

केलेले कट वाचवणं

भीती इथे होती. संपूर्ण एडिट तयार, त्यात फोनचे कित्येक शॉट. मूळ फाइलच्या जागी दुसऱ्या फ्रेमरेटची फाइल नुसती रीलिंक केली तर प्रत्येक शॉटचे इन आणि आउट सरकतात, आणि सरकतात तेही सारखे नाही.

सुटका मल्टिकॅममुळे झाली. बाहेरच्या टाइमलाइनवरचे कट ‘या क्षणाला तिसरा कोन’ एवढंच सांगतात. तिसऱ्या कोनात काय आहे ते मल्टिकॅम क्लिपच्या आत ठरतं. म्हणून ती क्लिप आतून उघडली. आत फोनची एकच सलग पट्टी होती. ती काढून नवी ठेवली, सुरुवातीच्या टाळीवर रेकॉर्डरशी जुळवली, आणि मग मधोमध व शेवटी एकेक ‘प’ किंवा ‘ब’ गाठून ओठ मिटतात तो क्षण आवाजाच्या लहरीशी ताडून पाहिला. मध्यावर चोख. शेवटी एका फ्रेमचा फरक उरला. तो फोनच्या आणि रेकॉर्डरच्या अंतर्गत घड्याळांमधला, व्हेरिएबल फ्रेमरेटशी त्याचा संबंध नाही. दीड तासात एक फ्रेम मी सोडून देतो. हँडीकॅमच्या सहा क्लिप काढून एक सलग क्लिप ठेवली. बाहेरचे सगळे कट जागच्या जागी राहिले.

फोनचे शॉट कोनांतून न घेता टाइमलाइनवर थेट टाकले असते तर प्रत्येक शॉट हाताने जुळवावा लागला असता.

पन्नासाव्या मिनिटाजवळची फट नव्या फाइलमध्ये अर्थातच भरून निघाली नाही. जे चित्र फोनने टिपलंच नाही ते येणार कुठून? तिथे अर्धा सेकंद चित्र थिजलेलं दिसत होतं. तो वाइड शॉट थोडा आधी तोडून मुख्य कॅमेऱ्याचा क्लोजअप लावला. उत्तर देणाऱ्याने नेमकी तिथे मान वर केली होती, त्यामुळे कट आधीपेक्षा बरा वाटला.

एक्सपोर्ट प्रॉक्सी न वापरता, मूळ आणि नव्या फाइलींवरून लावला. पन्नासावं मिनिट ओलांडून तो बिनबोभाट शेवटाला पोचला. फोनचे सगळे शॉट पुन्हा एकदा कानात हेडफोन घालून तपासले, सांध्यांवरची टकटक गेल्याची खात्री केली आणि फाइल दिली.

काम पोचल्यावर प्रॉक्सी पुसल्या. त्या पुन्हा कधीही करता येतात. प्रोरेसच्या दोन फाइली ठेवल्या, कारण प्रोजेक्ट आता त्यांच्यावर उभा आहे आणि मूळ फोनफाइलवरून तो पुन्हा उघडला तर पहिलाच घोळ परत येईल. मूळ फाइली अर्थातच ठेवल्या, हँडीकॅमच्या या वेळी अख्ख्या फोल्डरसकट. पुढच्या चित्रीकरणासाठी फोनवर फ्रेमरेट २५ आणि शटर १/५० वर बांधून ठेवता येईल असं कॅमेरा ॲप घ्यायचं ठरलं. तसं केल्यावरही फाइल पूर्ण स्थिर येतेच असं नाही, त्यामुळे फोनचं फुटेज सिंकला बसवण्याआधी मीडियाइन्फोत उघडायचं आणि मोड व्हेरिएबल दिसला की आधी कन्व्हर्ट करायचं, हे तिने आपल्या कामाच्या यादीत कार्ड कॉपी करण्याच्या लगेच खाली लिहून ठेवलं आहे.